एका रुपयाचे तीन रुपये

मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी अशी रीत आहे. मला ती पूर्ण पाळता येणार नाही. मी रागावलेला आहे, आणि इतकी वर्षे झाली तरी माझा राग उतरलेला नाही.

मी रक्तदाब मोजणारा, पाऱ्याचा, एक जुना डबा आहे. झाकण उघडले की माझी काचेची नळी उभी राहते. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबायचा, की पारा वर चढतो. माणसाच्या रक्ताचा जोर किती आहे ते मी सांगतो. मला दुसरे काही येत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ते साल होते चौऱ्याहत्तर. एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्या नळीत पारा भरला, तो दहा वेळा वर चढवला आणि दहा वेळा खाली सोडला. दहाव्या वेळीही पारा बरोबर शून्यावर येऊन थांबला, तेव्हा तो म्हणाला, "ठीक है, ये झूठ नहीं बोलेगा." मला त्या शब्दांचा फार अभिमान वाटला. माणसांच्या जगात खरे बोलणे पुरत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

तिथून मी रेल्वेने उज्जैनला आलो. आगर रोडवर कापड रंगवण्याचा एक मोठा कारखाना होता. तीनशेच्या वर कामगार होते. त्यांच्यासाठी फाटकाजवळ दोन खोल्यांचा दवाखाना होता. एका टेबलावर मला जागा मिळाली.

पाच वर्षांनी त्या दवाखान्यात कल्पना मुंगी नावाची नर्स आली. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून उज्जैनला आले होते आणि इथलेच झाले होते. कामगार तिला बेनजी म्हणत. ती रोज सकाळी मऊ फडक्याने माझी नळी पुसायची, पारा शून्यावर आहे का ते बघायची, आणि मगच पहिल्या माणसाला आत बोलवायची. पट्टा बांधताना ती माणसाशी घरच्या गोष्टी बोलायची. "घाबरलेल्या माणसाचा आकडा खोटा येतो," असे ती म्हणे. एखाद्या आकड्याची शंका आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची. मित्रांनो, वस्तूला चांगला हात मिळणे हे भाग्याचे असते. मला ते भाग्य मिळाले.

मग नव्वदीची वर्षे आली. देशाची दारे उघडली म्हणत. बाजारात परदेशी कापड दिसू लागले. आमचा कारखाना जुन्या मालकाकडून एका नव्या शेठजींनी विकत घेतला. त्यांनी सौमित्र देव नावाचा तरुण अधिकारी कामगारांवर नेमला. तो इंदूरचा होता आणि पुण्याला शिकून आला होता.

खरे सांगतो, तो सुरुवातीला वाईट नव्हता. त्र्याण्णव साली त्याने 'स्वस्थ कामगार योजना' सुरू केली. सकाळी पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास योगासने, मधल्या सुट्टीत मोड आलेले मूग आणि केळे, दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक कामगाराची तपासणी. सौमित्र स्वतः कामगारांबरोबर चटईवर बसायचा. त्याला पद्मासन जमायचे नाही, तेव्हा सगळे हसायचे आणि तोही हसायचा.

तपासणीला मात्र लोक घाबरत. सगळ्यात जास्त घाबरायचा विष्णू शितोळे.

विष्णू रंगखात्यातला सर्वांत जाणता माणूस होता. तो भैरवगढला राहायचा. तिथल्या छापकाम करणाऱ्यांच्या गल्लीत लहानपणापासून रंग बघत तो मोठा झाला होता. कुंडीतल्या उकळत्या पाण्याकडे नुसते बघून तो सांगायचा की लाल अजून पिकला नाही. बावीस वर्षे त्याने वाफेत काढली होती. त्याची कानशिले ठणकायची, पण तो दवाखान्याच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायचा.

एक दिवस कल्पनाताईने त्याला दारातच अडवले.

"विष्णूभाऊ, या आत. सगळ्यांचं झालं, तुमचंच राहिलंय."

"बेनजी, जे दिसत नाही ते कशाला हुडकायचं? गाडी चल रही है ना, चलने दो."

"दिसत नाही म्हणूनच तर मोजायचं."

"आणि आकडा वाईट निघाला तर? साहेबाला कळेल. मग काय, छुट्टी?"

"आकडा माझ्या वहीत राहील. बाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे."

विष्णूने बाही वर केली. मी त्याच्या दंडाचा ठोका ऐकला. आकडा वाईट होता, हे तोच पुढे सगळ्यांना सांगत फिरला, म्हणून मीही सांगतो. कल्पनाताईने वहीत त्याच्या नावापुढे लाल खूण केली. लाल खूण म्हणजे या माणसाकडे जास्त लक्ष द्यायचे, त्याच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत. तिचा अर्थ एवढाच होता.

विष्णू गोळ्या घेऊ लागला. चार महिन्यांत त्याचा आकडा खाली आला. त्या दिवशी त्याने मला दोन बोटांनी थोपटले आणि म्हणाला, "डिब्बा बढ़िया है, बेनजी." अडतीस माणसांच्या नावापुढे लाल खुणा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांची तब्येत सुधारत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ. मला वाटले, मी उपयोगी पडलो.

वर्ष संपले आणि शेठजी दवाखान्यात आले. सौमित्रही बरोबर होता. शेठजींनी भिंतीवरचा योगासनांचा तक्ता बघितला, मुगाची पातेली बघितली, माझ्याकडेही बघितले. मग म्हणाले, "देव साहब, एक लाख नब्बे हजार गए. आया क्या?"

"सर, लोकांची तब्येत..."

"तब्येत मैंने नहीं पूछी. एक रुपया डाला तो कितना लौटा? अगले साल बताइए, नहीं तो ये दुकान बंद."

शेठजी गेल्यावर सौमित्र स्टुलावर बसला. मला त्याची तेव्हा कीव आली. आज येत नाही.

त्याने हिशेब मांडला. कारखान्याचा पैसा दोन ठिकाणी जात होता. एक, आजारपणाच्या भरपगारी रजा. दोन, जुन्या करारानुसार कामगाराच्या इस्पितळाचा अर्धा खर्च. हे दोन्ही आकडे खाली आले तर योजना फायद्याची. पण गोळ्यांनी आणि मुगांनी माणूस सावकाश बरा होतो. त्याचा फायदा दहा वर्षांनी दिसतो. शेठजींनी मुदत दिली होती एका वर्षाची.

आठ दिवसांनी तो कल्पनाताईकडे आला. "ताई, तपासणीची वही द्या. टक्केवारी काढायची आहे."

"त्यात नावं आहेत, साहेब."

"नावांशी मला काय करायचंय? नुसते आकडे हवेत. योजना वाचवायची असेल तर द्या."

तिने माझ्याकडे बघितले, खिडकीतून बाहेर बघितले. मग वही दिली. चार दिवसांनी वही परत आली.

मार्च महिन्यात फाटकावर यादी लागली. 'स्वेच्छा निवृत्ती.' खाली अडतीस नावे होती. मित्रांनो, त्या कागदावर शेठजींची इच्छा सोडून कोणाचीही इच्छा नव्हती! प्रत्येकाला एकेकटे बोलावले गेले. "आज सही केलीत तर सहा महिन्यांचा पगार मिळेल. उद्या तेही नाही." काहींनी बिचाऱ्यांनी नीट वाचलेही नाही. विष्णूनेही सही केली.

कल्पनाताई यादी वाचून दवाखान्यात आली आणि तिने वही उघडली. यादीतले पहिले नाव, वहीतली पहिली लाल खूण. दुसरे नाव, दुसरी खूण. क्रमसुद्धा बदललेला नव्हता. तरीही तिने स्वतःला समजावले, योगायोग असेल, म्हातारी माणसे असतील. आणि मग तिचे बोट सव्विसाव्या नावावर थांबले.

ते नाव होते अनिल बोरगावकर. एकोणतीस वर्षांचा, धडधाकट, कारखान्याच्या कबड्डीच्या संघातला. तपासणीच्या दिवशी तो उशीर झाला म्हणून धावत आला होता, म्हणून आकडा चढा आला. तिने लाल खूण केली होती. दुसऱ्या दिवशी त्याला शांत बसवून पुन्हा मोजले, तर आकडा एकदम ठीक. तिने खाली बारीक अक्षरात 'ठीक आहे' असे लिहिले होते. पण लाल खूण खोडायची राहून गेली होती. त्या खुणेपायी अनिलही 'म्हातारा' झाला.

आता शंका उरली नाही. यादी तिच्या वहीतूनच उचलली होती.

ती तशीच सौमित्रच्या खोलीकडे गेली. मी टेबलावर होतो, तिथले बोलणे मला ऐकू आले नाही. पण परत आल्यावर तिने माझे झाकण बंद केले. त्या दिवशी तिने कोणाचाही रक्तदाब मोजला नाही.

आणखी दोन दिवसांनी विष्णूची बायको अंबिका आली. तिच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी होती. फाटकावरचा पहारेकरी तिला सोडत नव्हता, ती त्याला ढकलून आत आली.

"बाई, गोळ्या संपल्या."

कल्पनाताई खाली मान घालून म्हणाली, "अंबिकाबाई, दवाखाना आता फक्त कामावरच्यांसाठी आहे. मी बाहेरून आणून देते."

"नको. भीक नको." अंबिकाचा आवाज चढला. "हे रोज म्हणायचे, नाही मोजायचं. मीच म्हटलं यांना, बाई आपल्या आहेत, मराठी आहेत, घबराते काहे को हो. मीच पाठवलं. शब्द दिला होतात ना तुम्ही?"

"दिला होता."

"मग?"

अंबिकाने ती रिकामी पट्टी माझ्या झाकणावर ठेवली आणि निघून गेली. मित्रांनो, माझे वजन दीड-दोन किलो आहे. त्या पट्टीचे वजन त्याहून जास्त होते.

पुढच्या जानेवारीत कारखान्याच्या आवारात मोठा मांडव पडला. शेठजींच्या व्यापारी मंडळाने आमच्या योजनेला बक्षीस दिले होते. दिल्लीहून पाहुणे आले. झेंडूच्या माळा, लाऊडस्पीकर, कचोरी आणि जिलेबी. सौमित्रने मोठ्या तक्त्यावर आकडे दाखवले. आजारपणाच्या रजा निम्म्यावर. इस्पितळाचा खर्च एक तृतीयांशावर. "एक रुपया गुंतवला, तीन रुपये परत आले!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मित्रांनो, तो आकडा खोटा नव्हता. माझा राग त्याचमुळे आहे. बेरीज बरोबर होती, वजाबाकी बरोबर होती. आजारी माणसे बरी झाल्यामुळे खर्च वाचला नव्हता. आजारी माणसे घालवली म्हणून वाचला होता. कल्पनाताईने आदल्या आठवड्यात स्वतः हिशेब केला होता. जे कामावर उरले होते, त्यांच्या रजा कमी झाल्याच नव्हत्या. उलट गेलेल्यांचे कामही त्यांच्यावर पडल्यामुळे थोड्या वाढल्या होत्या. आणि विष्णूचे काय? गोळ्या सुटल्यावर आठव्या महिन्यात त्याला लकवा मारला होता. उजवा हात गेला, बोलणे गेले. त्याच्या इलाजासाठी अंबिकाने बांगड्या मोडल्या. तो खर्च सौमित्रच्या तक्त्यात कुठे होता? कुठेच नाही! कारखान्याच्या भिंतीबाहेर माणूस पडला, की तो कोणाच्याच खर्चात धरला जात नाही.

कार्यक्रमात एक प्रात्यक्षिक होते. पाहुण्यांसमोर शेठजींचा रक्तदाब मोजायचा, म्हणजे मालकही योजनेत आहेत असे दिसेल. मला मंचावर नेले होते, माझ्याखाली लाल मखमल अंथरली होती. कल्पनाताईने शेठजींच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. पारा चढला, आणि सावकाश उतरू लागला. तिने कानातली नळी काढली.

सूत्रसंचालक लाऊडस्पीकरवर हसत म्हणाला, "बेनजी, बताइए सबको! हमारे सेठजी कितने फिट हैं?"

कल्पनाताईने नळी गुंडाळून बाजूला ठेवली. सौमित्र पुढे होऊन हळूच म्हणाला, "ताई, सांगून टाका. काहीही सांगा."

तिने माइक हातात घेतला. मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत कामगार बसले होते, म्हणून ती हिंदीत बोलली. "सेठजी का आँकड़ा मैं नहीं बताऊँगी. वो उनका है. जिसका शरीर, उसका आँकड़ा." मग ती शेठजींकडे वळली. "पर विष्णू का आँकड़ा भी विष्णू का था. अनिल का अनिल का था. अड़तीस लोगों के आँकड़े मेरी बही से निकले और उनकी नौकरी चली गई. आपका आँकड़ा आपकी कुर्सी नहीं लेगा. उनकी क्यों ली?"

कोणीतरी लाऊडस्पीकर बंद केला. पण ती तशीच बोलत राहिली. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारा कामगार ओरडला, "बेनजी सच कह रही है!" शेठजींनी स्वतःच्या हाताने पट्टा ओढून काढला. त्यांच्या कपाळावर घाम होता. पारा कुठवर चढला होता ते मला ठाऊक आहे. मित्रांनो, मी तुम्हालाही सांगणार नाही.

एवढे मात्र सर्वांनी बघितले की पुढच्याच आठवड्यात शेठजी इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ लागले. त्यांची खुर्ची कोणी काढून घेतली नाही. काढून घेतली ती कल्पनाताईची. 'शिस्तभंग.' सोळा वर्षांची नोकरी एका शब्दात संपली.

दवाखान्यात विजेवर चालणारी नवी यंत्रे आली. मला मोडक्या स्टुलांबरोबर भंगारात काढले. देवास गेटच्या बस स्टँडजवळ एका भंगारवाल्याच्या दुकानात मी गंजलेल्या पंख्यांखाली सात महिने पडून होतो. कोणी पुसले नाही, कोणी उघडले नाही. तिथे अनिलने मला ओळखले. कामाच्या शोधात तो रोज त्या बस स्टँडवरून जायचा. त्याने पस्तीस रुपये दिले आणि मला कल्पनाताईच्या घरी आणून ठेवले.

अनिलनेच अडतीस जणांच्या वतीने कामगार न्यायालयात दावा लावला होता. कल्पनाताईने साक्ष दिली. कारखान्याच्या वकिलाने विचारले, "म्हणजे गुप्त वही तुम्हीच साहेबांना दिली?" ती म्हणाली, "हो. मी दिली. दोष माझाही आहे. पण चोरी मी केली नाही." न्यायाधीशांनी कारखान्याला एकच प्रश्न विचारला. हा एकोणतीस वर्षांचा निरोगी माणूस यादीत कसा? त्याचे उत्तर कारखान्याला शेवटपर्यंत देता आले नाही.

निकालाला पाच वर्षे लागली. अनिलला काम परत मिळाले. बाकीच्यांना भरपाई मिळाली, मागितल्याच्या निम्मी. तोवर अडतीसपैकी सहा जण नदीकाठच्या स्मशानात धूर होऊन गेले होते. सौमित्र कधीच मुंबईला निघून गेला होता. मोठ्या कंपनीत, मोठ्या पगारावर. तिथेही तो तेच तीन रुपये दाखवत असेल.

आता मी कल्पनाताईच्या ओसरीवर असतो. संध्याकाळी जुने कामगार येतात. ती मोजते आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याच्या हातात देते. तिच्याकडे आता वही नाही.

दर गुरुवारी ती मला पिशवीत घालून भैरवगढला नेते. पहिल्या दोन वेळा अंबिकाने दार उघडले नव्हते. तिसऱ्या वेळी उघडले आणि ती बाजूला झाली. खाटेवर विष्णू होता. कल्पनाताई त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "विष्णूभाऊ, मोजू का? तुम्ही नाही म्हणालात तर जाईन." त्याने तिच्याकडे बघितले. मग त्याने डाव्या हाताने उजवी बाही वर करायला सुरुवात केली. त्याला ते जमेना. तेव्हा अंबिका पुढे आली आणि तिने त्याची बाही वर केली.

मित्रांनो, माझा रबर चिरलाय, माझ्या डब्याचा रंग उडालाय. मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. तुमच्यातले कोणी उद्या साहेब होतील, कोणी हिशेब तपासतील, कोणी माझ्यासारख्या यंत्रापुढे माणसे बसवतील. तुमच्यासमोर एक गुळगुळीत कागद येईल. एक रुपया घातला, तीन आले. टाळ्या वाजवायच्या आधी तो कागद उलटा करून बघा. विचारा, पहिल्या वर्षी यादीत किती माणसे होती आणि आता किती आहेत? जी नाहीत, ती कुठे गेली? कोणी उत्तर दिले नाही तर खाली बसू नका. आणि ज्याने तुमच्या भरवशावर आपला दंड पुढे केला, त्याचा आकडा त्याला न विचारता कोणाच्याही हातात देऊ नका. मागणारा कितीही गोड बोलला, तरी नाही म्हणजे नाही.

कल्पनाताई त्या दिवशी 'नाही' म्हणाली असती, तर विष्णू आज कुंडीतला लाल रंग बघत उभा असता.